एकजीव झालेला निवडुंग

मित्रांनो, मी एक जुना स्कॅनर आहे. शेवटच्या निवडुंगाच्या चित्राचे थर गेल्याचे ज्या दिवशी कळले, त्या दिवशी माझ्या झाकणावर इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा होता. त्यामुळे मला दिसले काहीच नाही, पण ऐकू सगळे आले.

सकाळची वेळ होती. घरचे रंगारी शेजारच्या संगणकापुढे बसले होते. रंगारी म्हणजे भिंती रंगवणारे. चित्रे काढायच्या त्यांच्या पत्नी. त्यांना मी बाई म्हणतो. बाई त्याच्या चार महिने आधी गेल्या होत्या. आजार लहानसा वाटला होता, आणि वेळही लहानसाच मिळाला. संगणकावरचे त्यांचे ते निवडुंगाचे चित्र अर्धवट राहिले होते. ते कुठवर आले आहे हे, ज्यांनी ते मागितले होते त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवावे, म्हणून रंगारी ते फोनवर पाठवण्याच्या खटपटीत होते. परगावी राहणारी त्यांची मुलगी फोनवरून एकेक पायरी सांगत होती.

"बाबा, आता काय दिसतंय?"

"विचारतोय काहीतरी. सगळे थर एकत्र करायचे का, म्हणून."

"थांबा हां. काही दाबू नका."

"दाबलं की."

"काय दाबलं?"

"हो म्हटलं. थर एकजीव झालेले चांगलेच ना?"

मग मुलीने विचारले, "आणि सेव्ह केलंत?"

"तेही विचारलं त्याने. दोनदा विचारलं बिचाऱ्याने. दोन्ही वेळा हो म्हटलं. मग बंद केला."

"बाबा," मुलगी म्हणाली, "अहो, काय केलंत हे!"

यात रंगाऱ्यांचा दोष किती, ते तुम्हीच ठरवा. चाळीस वर्षे त्यांनी भिंतीवर थर दिले. आधी घासायचे, मग पुट्टी भरायची, मग प्रायमर, मग रंगाचे दोन हात. या धंद्यात थर एकमेकांना धरून राहिले नाहीत तर वर्षाच्या आत पोपडे निघतात आणि गिऱ्हाईक दारात येऊन उभे राहते. "काम एकजीव झालंय" ही रंगाऱ्याला मिळणारी सर्वांत मोठी शाबासकी. तेव्हा संगणकाने तसे विचारल्यावर ते नाही कशाला म्हणतील?

पण बाईंचे काम उलटे होते. त्यांचे थर सुटे राहायला हवे होते. सुटा थर पुसता येतो, फिकट करता येतो, वरचा खाली घालता येतो. एकत्र झालेल्या चित्राला हात लावता येत नाही. शिवाय त्या चित्रावर सर्वांत वरचा थर बाईंच्या स्वतःसाठीच्या सूचनांचा होता. लाल अक्षरांत, बाण काढून, निवडुंगभर लिहिलेला. चित्र झाले की तो थर एका बोटाने काढायचा होता. आता तो कायमचा चिकटून बसला होता.

दोन दिवस मुलीच्या सांगण्यावरून घरातल्या संगणकाला जोडायच्या सगळ्या डब्या, तारा आणि चकत्या धुंडाळून झाल्या. चित्राची दुसरी प्रत कुठेच नव्हती.

आता माझी ओळख करून देतो, म्हणजे पुढचे नीट समजेल.

एका कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्या अंगात फार काही नाही. वर काच, खाली सरकणारा दिवा आणि दिव्यामागे एक बारीक डोळा. काचेवर जे ठेवाल ते मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहतो आणि जसे आहे तसे संगणकाला सांगतो. पदरचे काही घालत नाही. पहिली नऊ वर्षे मी एका विमा कचेरीत काढली. दाखले, सह्या, शिक्के आणि मोडलेल्या हातांची चित्रे यांशिवाय मी जगात काही पाहिले नव्हते. मग कचेरीत नवीन यंत्र आले आणि मला जिन्याखाली ठेवले. तिथे माझ्या डोक्यावर आधी झाडू आला, मग बादली आली.

त्या कचेरीला रंग द्यायला हेच रंगारी आले. त्यांनी माझे झाकण उघडले, काच पाहिली आणि शिपायाला विचारले, "ही पेटी टाकताय का?"

"घेऊन जा. वजन बघा केवढंय!"

रंगाऱ्यांना माझा उपयोग ठाऊक नव्हता. काचेवर रंग कालवायला बरी पडेल, एवढाच त्यांचा हिशेब होता. घरी आल्यावर बाई म्हणाल्या, "अहो, हा स्कॅनर आहे. यावर रंग कालवलात तर मी तुम्हाला कालवीन." तेव्हापासून घरात माझे नाव पेटी पडले आणि मी खिडकीजवळच्या टेबलावर आलो.

बाईंनी वीस वर्षे एका फोटो स्टुडिओत काम केले होते. गिऱ्हाइकांच्या चेहऱ्यावरचे डाग काढायचे, उडालेले केस बसवायचे, मिटलेले डोळे उघडायचे. स्टुडिओ बंद पडला आणि त्या घरी बसल्या. शेजारणीने त्यांना निवडुंगाची एक कुंडी दिली. "याला काही लागत नाही," असे सांगून दिली. बाईंनी रोज पाणी घातले. दीड महिन्यात निवडुंग बुडापासून कुजला.

"काही न मागणारं झाडसुद्धा मारलंस," रंगारी म्हणाले.

"आता असा करते की त्याला पाणी घालताच येणार नाही," बाई म्हणाल्या, आणि कामाला लागल्या.

त्या काय करत, ते सोपे करून सांगतो. आधी संगणकावर निवडुंगाचा नुसता आकार काढायच्या, काळ्या सावलीसारखा. मग माझ्या काचेवर काहीतरी खरखरीत ठेवायच्या. त्याचे मी काढलेले छायाचित्र त्या आकारावर अंथरायच्या, कडा कापायच्या आणि ते अर्धे विरळ करायच्या. त्यावर दुसरे अंथरायचे, तेही विरळ. असे दहा-बारा थर झाले की कुठला थर कुठे संपतो ते कळत नसे, आणि पाहणाऱ्याला वाटे की बोट लावले तर काटा टोचेल.

खरखरीत वस्तू आणण्याचे काम रंगाऱ्यांकडे होते. जुनी भिंत खरवडताना निघणारे पोपडे ते फेकून देत. बाईंनी ते फेकणे बंद केले. रंगारी सकाळी डब्यात जेवण घेऊन जात आणि संध्याकाळी त्याच डब्यात पोपडे घेऊन येत. एका पोपड्यात चार-पाच घरमालकांचे रंग एकावर एक असत. बाई तो उताणा ठेवत, पालथा ठेवत, उभा मोडून त्याची कड ठेवत. प्रत्येक छायाचित्राला त्यांनी नाव दिले होते: जिन्याखालचा हिरवा, शाळेचा पिवळा, बेकरीमागचा शेवाळी, टॉवेल न धुतलेला, यांचा टकला ब्रश. निवडुंगाचे काटे या ब्रशाच्या केसांचे होत आणि काट्यांच्या बुडाची लव टॉवेलाची.

एकदा एका पोपड्यात वाळूचा खडा होता. त्याने माझ्या काचेवर आडवा ओरखडा पाडला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक छायाचित्रात डाव्या बाजूला केसासारखी रेघ येते. मला फार लाज वाटली. रंगारी नवी काच आणतो म्हणाले.

"राहू द्या," बाई म्हणाल्या. "तुमच्या कपाळावरच्या रेघा चालवून घेतेच आहे की मी."

ती रेघ त्या चित्र पूर्ण झाल्यावर, अगदी शेवटी पुसत.

अशी एकोणतीस चित्रे झाली. वाचनालयाने त्यांतली बारा महिनाभर भिंतीवर लावली. लोक नाक टेकेपर्यंत जवळ जात. एका आजोबांनी तर चित्राला खरोखर बोट लावले आणि झटकन मागे घेतले. बाई हे घरी सांगताना एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मलाही त्या दिवशी अंगात दिवा लागल्यासारखे वाटले.

तिथेच दातांच्या डॉक्टरीणबाईंनी चित्रे पाहिली. त्यांच्या दवाखान्याची बाहेरची खोली रंगारी त्याच वेळी रंगवत होते.

"मला एक मोठं हवंय, दवाखान्यातल्या समोरच्या भिंतीसाठी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण माझ्याकडे येणारे आधीच घाबरलेले असतात हो. काटे बघून पळतील का?"

"उलट बसून राहतील," बाई म्हणाल्या. "म्हणतील, आत यापेक्षा बरं असेल."

मग रंगाऱ्यांनी ती भिंत फिकट मातकट रंगात दिली. मधोमध खिळा मारला आणि बाईंनी तिसावा निवडुंग सुरू केला. तो पुरुषभर उंच होणार होता. त्याचे बूड जून, भेगाळलेले हवे होते. झाडाची साल ठेवून पाहिली, पावाचा कडक भाग ठेवून पाहिला. मनासारखे होईना. एका संध्याकाळी रंगारी पाय धुऊन आले तशा त्या त्यांच्या पायांकडे बघत राहिल्या.

"अहो, टाच ठेवा जरा पेटीवर."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"आज नको. पंधरा दिवस मलम लावू नका, मग ठेवा. भेगा नीट येऊ देत."

पंधरा दिवसांनी रंगारी स्टुलावर चढून, एका हाताने खिडकीचा गज धरून, माझ्या काचेवर टाच टेकवून उभे राहिले. बाई म्हणाल्या, "हलू नका. तुम्ही हललात तर निवडुंग हलेल." मित्रांनो, विमा कचेरीत मी पुष्कळ मोठ्या लोकांच्या सह्या पाहिल्या. पण एखाद्या माणसाचे आयुष्यभराचे काम एवढ्या जवळून मी त्या टाचेतच पाहिले.

त्यानंतर बाई आजारी पडल्या आणि दोन महिन्यांनी गेल्या. माझा दिवा लागेनासा झाला. टेबलावर आधी औषधांच्या पिशव्या आल्या, मग पत्रे आणि शेवटी इस्त्रीचे कपडे. त्या कपड्यांच्या गठ्ठ्याखालूनच मी तो फोन ऐकला.

फोननंतर आठवड्याने मुलगी रजा काढून आली. पुढचे थोडे मी ऐकलेले आहे, थोडे नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलेले. आली ती सरळ संगणकापुढे बसली. तासाभराने म्हणाली, "बाबा, थर परत सुटे होत नाहीत. पण आईने पेटीवर काढलेले सगळे फोटो जागेवर आहेत. दोनशे अकरा. कुठला कुठे आणि कसा लावला, तेवढंच गेलंय."

"तेवढंच?"

"हो."

"म्हणजे माल आहे, भिंत पाडली मी."

"असंच समजा."

रंगारी उठून बाहेर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात गुंडाळलेला मोठा कागद होता. छपाईवाल्याकडून त्यांनी ते चिकटलेले चित्र, लाल अक्षरांसकट, खऱ्या मापात छापून आणले होते. तो कागद त्यांनी भिंतीवर लावला, चष्मा पुसला आणि त्यापुढे स्टूल घेऊन बसले. जुन्या घराची भिंत खरवडायला घेण्याआधी ते असेच बसत. कुठला हात आधीचा, कुठला नंतरचा, हे कडेवरून वाचायचे असते.

तीन दिवस ते वाचत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलीला हाक मारली.

"इकडे ये. ही केसासारखी रेघ दिसते?"

"पेटीचा ओरखडा आहे तो. आई शेवटी पुसायची."

"या वेळी पुसायची राहिली. बघ, पेटीची रेघ कायम डावीकडे असते. इथे ती वर आहे, म्हणजे हा तुकडा तिने पाव फिरवलाय. इथे उजवीकडे आहे, म्हणजे उलटा धरलाय. आणि इथे हिरव्यातली रेघ पिवळ्यातल्या रेघेवरून गेलीय. म्हणजे पिवळा आधी."

मुलगी कागदाजवळ गेली आणि बराच वेळ पाहत राहिली. "बाबा, हे मला दिसलंच नव्हतं."

"तुला कशाला दिसेल? तू ऑफिसात बसतेस."

माझ्या ज्या ओरखड्याची मला इतकी वर्षे लाज वाटत होती, त्याने असा रस्ता दाखवला. रंगाऱ्यांनी वहीत चौदा थर ओळीने मांडले. मग ते स्वतः संगणकावर बसले. मुलगी बाजूला बसून शिकवत होती.

"बाबा, माउस आहे तो. खरवडायची पट्टी नाही. किती दाबताय!"

"दाबल्याशिवाय निघेल का?"

"काही काढायचं नाहीये. अंथरायचंय."

पहिल्या खेपेला सगळे चुकले. रंगाऱ्यांनी प्रत्येक थर भक्कम दिला. वरच्याखाली खालचा गडप झाला आणि निवडुंग हिरव्या रंगाच्या डब्यासारखा दिसू लागला.

"विरळ करा," मुलगी म्हणाली.

"मग खालचं दिसेल."

"आईला तेच हवं असायचं."

रंगारी हात मांडीवर ठेवून बसले. "चाळीस वर्षं मी खालचं दिसू नये म्हणून पैसे घेतले," ते म्हणाले. मग त्यांनी थर विरळ केला. हिरव्यातून शेवाळी दिसू लागला, शेवाळीतून शाळेची पिवळी भिंत, आणि निवडुंगाला पाठ आली, पोट आले, शिरा आल्या. मुलीने उठून चहा टाकला.

चौदापैकी तेरा थरांची छायाचित्रे सापडली. टाचेचे मात्र नव्हते. बाईंनी ते थेट चित्रातच घेतले होते, वेगळे ठेवलेच नव्हते. मुलगी माझ्याकडे पाहू लागली. रंगाऱ्यांनी कपड्यांचा गठ्ठा उचलून खाटेवर टाकला, झाकण उघडले आणि मऊ फडक्याने माझी काच पुसली. सहा महिन्यांनी मला उजेड दिसला.

"मलम लावताय का हल्ली?" मुलीने विचारले.

"कोण आठवण करणार? आता तर आणखी फाटलीय. तुझी आई खूश झाली असती."

ते स्टुलावर चढले. मुलीने त्यांचा हात धरला. तिला हसू येत होते आणि डोळेही पुसावे लागत होते. माझा दिवा आधी अडखळला, मग चालला. टाच मी शेवटच्या भेगेपर्यंत नीट पाहिली आणि सांगितली.

मुलगी परत गेली. जाण्याआधी तिने चित्राच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवल्या आणि वडिलांकडून वचन घेतले की संगणक काही विचारील तेव्हा आधी तिला फोन करायचा. रंगारी आता रोज सकाळी कामाला जाण्याआधी दोन तास टेबलाशी बसतात. संध्याकाळी डब्यातून पोपडे येतात. त्यांनी आपला स्वतःचा एक छोटा निवडुंगही सुरू केला आहे. तो जरा वाकडा आहे. मुलीला तो फोनवर पाठवला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, हा काकडीसारखा दिसतो." ते म्हणाले, "काकडीच आहे, असं समज." आणि दिवसभर स्वतःशी हसत होते. घरात पुन्हा कुणाचे तरी हसणे ऐकून मला बरे वाटते.

मोठा निवडुंग अंगाने पूर्ण झाला आहे. बाईंच्या लाल सूचना एकेक करून पाळल्या गेल्या. "इथे उजेड कमी," असे होते, तिथे उजेड कमी केला. "हा काटा फार शहाणा दिसतो, काढायचा," असे होते, तो काटा काढला. भिंतीवरच्या कागदावर रंगारी प्रत्येक सूचनेपुढे पेन्सिलीने खूण करत गेले. सगळ्यांत वर, निवडुंगाच्या माथ्यावर, एक वर्तुळ आहे आणि त्यात लिहिले आहे: "फूल कशाचं? यांना विचारायचं."

ही सूचना त्यांनी पहिल्याच दिवशी वाचली होती. तिच्याबद्दल मात्र ते मुलीशी काही बोलले नव्हते. मुलगी परतल्यावर एका सकाळी माझ्याशीच बोलले, किंवा कागदाशी बोलले असतील.

"विचारलं असतंस, तर मी काय सांगितलं असतं? तुझं तू बघ. दर वेळी तेच सांगितलंय."

तेव्हापासून ते उत्तर शोधत आहेत. संत्र्याची साल ठेवून झाली. एका लहान मुलाच्या खोलीतला गुलाबी पोपडा ठेवून झाला. तो छान दिसला, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी काढला. "हे सुचलं म्हणून लावलं," ते म्हणाले. "नीट विचार करून सांगितलेलं नाही." बाईंच्या चष्म्याचे फडके ठेवले आणि लगेच उचलले.

डॉक्टरीणबाईंनी परवा फोनवर विचारले, "काका, फुलाशिवाय लावू या का? तसाही सुंदरच आहे."

"नको. तिने मला प्रश्न विचारलाय. उत्तर दिल्याशिवाय कसा लावू?"

"मग खिळा तसाच ठेवते. तुम्ही सावकाश करा."

मित्रांनो, मी एक जुने यंत्र आहे, मोठा उपदेश मला शोभत नाही. माझ्यासारख्या वस्तू घरात असतील तर त्यांच्यावर कपडे रचू नका. काच मऊ फडक्याने पुसा. कामाची प्रत दोन ठिकाणी ठेवा. आणि घरात कुणी हाताने काही करत असेल तर त्याच्याजवळ जाऊन बसा. हे कशाचे, ते कुठले, असे विचारा. आणि त्याने तुम्हाला काही विचारले तर "तुझं तू बघ" म्हणू नका. दोन मिनिटे विचार करून काहीतरी सांगा. चुकले तर चुकले.

माझा दिवा आता रोज लागतो. चित्रातली माझी रेघ रंगाऱ्यांनी पुसलेली नाही, पुसणार नाही असे ते म्हणतात. चौदा थर जागेवर आहेत आणि सुटे आहेत. फूल कशाचे करायचे, ते अजून ठरलेले नाही.